इंचाहून मोठा इंच

सहावीत मी बाबांची पोलादी पट्टी शाळेत नेली.
कंपासपेटीत मावायची नाही, दप्तरातून डोकं काढून बसायची.
चेंदवणकर बाईंनी माझा एकूण एक त्रिकोण चुकीचा ठरवला.
बाबा कधी नव्हे ते शाळेत आले,
वागळे इस्टेटमधून थेट, भुवयांवर सागाचा भुसा,
म्हणाले, बाई, पोरीचं काही चुकलं नाही.
पट्टी खोटी आहे. मुद्दाम खोटी.

ओतलेलं बीड निवताना अंग चोरतं,
शंभराला एक.
म्हणून लाकडाचा नमुना तेवढा वाढवून करायचा.
दरवेळी हिशेब कोण करणार?
पट्टीवरच इंच फुगवून कोरलेले.
बाईंनी नीट ऐकून घेतलं.
गुण दिले नाहीत.

आमच्या दाराच्या चौकटीवर उंचीच्या खुणा त्याच पट्टीच्या.
ओजसच्या वेळी सिव्हिलला नाव घातलं,
तिथल्या भिंतीशी उभी राहिले तेव्हा कळलं,
घरच्या मापापेक्षा मी अर्धा इंच उंच.

आता खारेगावात, घरामागच्या बोळात माझी भट्टी.
कापलेलं सिलिंडर, आतून अग्निमातीचा लेप,
बुडाशी केस वाळवायचं मशीन, लग्नात आलेलं,
केसांना कधी लागलंच नाही.
नझीरभाईंकडून सात पिस्टन, सात रिक्षांचे.
ते म्हणाले, डबे वितळवू नकोस, नुसती कीट निघते,
पिस्टन घे, आग बघितलेला धातू आहे.

वाळूला हिरवी म्हणतात, दिसते काळी.
मुठीत आवळून मधोमध मोडायची.
कड स्वच्छ तुटली, बोटांचे ठसे राहिले, तर जमली.
गेल्या रविवारी पाणी जास्त झालं होतं,
धातू थुंकला.
हातमोज्यावर डाग आहे. बाबांना दाखवला नाही.

आज नमुन्यावर शंखजिरं भुरभुरलं,
ओजसच्या तान्हेपणीच्या डब्यातलं, तळाशी उरलेलं.
वरचा साचा उचलला, नमुना अलगद हलवून काढला.
वाळूत रंध्याच्या आकाराचं नसणं राहिलं.
वरच्या गॅलरीत सुलभावहिनी वाळत घातलेले कपडे ओढून घेत होत्या,
आजसुद्धा का गं?

बाबा खुर्चीवर. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
एकाचं ऑपरेशन दिवाळीनंतर.
मूस उचलली तसे म्हणाले, मध्ये थांबू नको.
थांबलीस की दोन धारा भेटतात
पण एकमेकींना ओळखत नाहीत.
मग मोजायला लागले, मोठ्यानं, एक, दोन,
सातला पलीकडच्या भोकातून धातू वर आला, चकचकीत, कातडं धरणारा.
बाबा सातलाच थांबले होते.
कसे, ते मी विचारलं नाही.

ढेकूळ फोडलं. नाळेसकट निघाला,
करपलेल्या वाळूचा वास, अंगभर खरखर.
हॅकसॉनं नाळ कापली, घासला, पुसला,
त्यात बाबांचं जुनं पातं घालायला गेले.
जाईना.
कागदाच्या जाडीएवढं अडलं.

बाबांनी हातात घेतला. गळ्यातून बोट फिरवलं,
आणि हसले, खोकला येईपर्यंत.
पट्टी बिडाची आसा, गो.
तू वतलंस ॲल्युमिनम.
बीड एक चोरतं, ह्या सव्वा.

माहीत होतं तर आधी का नाही बोललात?
कानस घी, म्हणाले.

दुपारभर कानस. मांडीवरच्या वर्तमानपत्रावर
राखाडी चुरा, क्रिकेटच्या बातमीवर.
साडेचारला पातं बसलं.
फळकुटावरून एक लांब सालपट निघालं, मग दुसरं तुटकं,
तळ अजून घासायचा आहे, एका अंगाला डुलतो.

संध्याकाळी ओजस चौकटीला पाठ लावून उभा राहिला,
वाढदिवस नव्हता, काही नव्हतं,
मोज म्हणाला.
खिळ्यावरून पट्टी काढली.
बाबा आतून म्हणाले, खंयची घेतलंस?
टाच उचलू नको, मी ओजसला म्हटलं.